दंडावरची गाठ

१४ जानेवारी १९६८, रविवार

बावा, माझे सासरे, आले! सुखरूप आले. अल्लाचा शुक्र आहे.

मुंबईची बोट नेहमीसारखी लांब उभी राहिली. मचव्यातून माणसं उतरवत होते. यूनुस बापाला धरायला हात पुढे करून उभा, तर बावा म्हणतात, "बाजूला हो. जन्म बोटीत गेला माझा, मला उतरायला शिकवतोस?" आणि उतरले की! सत्तरी गाठलेला माणूस, हातात छत्री, काखेत लोणच्याची बरणी. बरणीला चरासुद्धा गेला नाही. यूनुसचा पाय मात्र पाण्यात.

किनाऱ्यावर पाऊल ठेवल्याबरोबर बाही वर केली. दंडावर हिरव्या फडक्यात इमाम जामिन होता, निघताना नणंदेने बांधलेला. शहनाझने विचारलं, "व्हॉट इज दॅट, दादा?" माझी लेक इथल्या शाळेत जायला लागल्यापासून मराठीत विचारलं तरी इंग्रजीत बोलते. बावांनी तिला तिथेच उन्हात उभं करून सांगितलं. आपल्यातलं कोणी समुद्रावरून जायला निघालं की घरच्या माणसाने दुआ पढायची आणि दंडावर नाणं बांधायचं. वाटेत सोडायचं नाही. पोहोचल्यावर सगळ्यांसमोर गाठ सोडायची आणि ते नाणं गरजवंताला द्यायचं. यूनुसने गाठ सोडली, नाणं तिथल्या पाणी वाहणाऱ्या म्हाताऱ्याला दिलं. तो बलुची होता, बावांची भाषा त्याला कळली नाही, पण दोघं बराच वेळ हात हातात धरून उभे होते.

इथे आखातात सहा वर्षांनी घरात कोणी मोठं माणूस आलं. रात्री जेवताना मला उगीच रडू येत होतं. कांदा कापला नव्हता तरी कांद्यावर ढकललं.

१६ जानेवारी

बावांना पंखा आवडला नाही. "वारा पाहिजे तर बाहेर जा. हा कसला घरात कोंडलेला वारा!" दुपारी बघते तर बरोबर पंख्याखालीच झोपलेले.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज सुट्टी. यूनुसची गँग जेवायला होती. तशी रोजच असते म्हणा, त्यांचे डबे मीच भरते, पण शुक्रवारी सगळे आमच्या पडवीत बसून जेवतात. सुकटीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. सगळे आमच्याच बाजूचे, रत्नागिरी नाही तर कुलाबा. यूनुस त्यांचा मुकादम. जेट्टीचं काम चालू आहे, मोठे मोठे सिमेंटचे ठोकळे समुद्रात सोडायचे.

बावा मध्ये बसले आणि दरबार भरला! अन्वरने विचारलं, "बावा, तुम्ही युनियनमध्ये होता म्हणे?" अन्वर गँगमधला सगळ्यात बोलका. वर्तमानपत्र नाही मिळालं तर वडे ज्यात बांधून आले तो कागदही वाचून काढतो. बावांनी सुपारीची डबी उघडली आणि तळातून बिल्ला काढला. पितळी. रुपयाएवढा. वर नांगर कोरलेला आणि खाली आकडा. पहिलं महायुद्ध संपल्यावर मुंबईत खलाशांची युनियन निघाली, तेव्हाचा. बिल्ला हातोहात फिरला. मुश्ताकने तो शर्टाला पुसून परत दिला.

मुश्ताक सगळ्यात लाजरा. यूनुसनेच त्याला गावाहून आणला, मागच्या वर्षी. भाकरी हवी असली तरी मागणार नाही, रिकाम्या ताटाकडे बघत बसेल. मला ते पाठ आहे, मी आपणहून वाढते.

बावा म्हणाले, "आम्ही आगवाले. बोटीच्या पोटात कोळसा मारायचा. वर साहेब लोक हवा खात असायचे. आता तुम्ही वर उन्हात आणि साहेब खाली पंख्याखाली. एवढाच फरक!" सगळे हसले. यूनुस थोडा कमी हसला.

२१ जानेवारी

शहनाझने बावांचा बिल्ला नेऊन कोपऱ्यावरच्या मलबारी दुकानदाराकडे चॉकलेट मागितलं! नाणंच वाटलं तिला. तो भला माणूस, चॉकलेटही दिलं आणि बिल्ला घेऊन स्वतः घरी आला. मी तिला ओरडले. बावा म्हणाले, "ओरडू नको. या बिल्ल्यावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी गोड मिळालं."

२४ जानेवारी, बुधवार

मुश्ताकचा हात ठोकळ्याखाली आला.

दोर सरकला. उजवा हात. मनगटाच्या खाली सगळं... लिहवत नाही. अन्वर आणि दोघांनी मिळून आमच्याकडेच आणला. कंपनीच्या कंपाउंडरने पट्टी बांधली आणि म्हणाला, हे माझ्या हातातलं काम नाही, मोठ्या इस्पितळात न्या, ऑपरेशन लागेल. बावांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मुश्ताक ओरडतसुद्धा नव्हता. "भाभी, तुमची चादर खराब झाली," म्हणाला. चादरीचं काय रे बाबा!

२५ जानेवारी

इस्पितळात ठेवायचं तर कंपनीच्या साहेबाची चिठ्ठी हवी. साहेब चिठ्ठी देत नाही. म्हणतो, "ही इज फिनिश्ड हिअर." काम खलास, परवाना खलास, पुढच्या बोटीने मुंबईला पाठवा, मुंबईत डॉक्टर काय कमी आहेत? बोट यायला आठवडा. मुंबई गाठायला आणखी किती दिवस! तोवर हात राहील? कंपाउंडरला विचारलं तर तो दुसरीकडे बघतो.

यूनुस दोनदा जाऊन आला. दोनदा खाली मान घालून परत.

२७ जानेवारी, शनिवार

आज गँग कामावर गेली नाही. म्हणजे गेली, पण जेट्टीवर चढली नाही. समोरच्या वाळूवर बसून राहिली. घोषणा नाहीत, काही नाही. अन्वर म्हणाला एवढंच, "मुश्ताकला इस्पितळात पाठवा आणि बरा झाला की त्याला जमेल ते काम द्या. मग आम्ही चढतो."

मी डबे वाळूवर पाठवले. काम असो नसो, पोट आहेच. पाण्याचे डबेही पाठवले. बावा छत्री घेऊन त्यांच्यात जाऊन बसले आणि उन्हाने लालबुंद होऊन परत आले. इतके खुशीत की विचारू नका.

यूनुस त्यांच्यात बसला नाही. मुकादमाच्या शेडमध्ये बसला. तिथून ते सगळे समोर दिसतात.

२८ जानेवारी

साहेबाने यूनुसला बोलावलं. पलीकडच्या बंदरात, उम्म अल कुवैनला, आपल्याकडच्या लोकांची दुसरी गँग आहे, तिथलं काम संपलंय, रिकामी बसलीय. परवा कंपनीच्या लाँचने जा आणि तिला घेऊन ये. ती कामाला लागली की हे वाळूवरचे सगळे बोटीत. मुश्ताकसकट.

यूनुस "येस सर" म्हणून आला.

मी म्हटलं, "तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय म्हणू? परवाना कोणाच्या सहीवर आहे? हे घर कोणाचं आहे? शहनाझची शाळा?"

"आणि मुश्ताक?"

"जैनब, मला वाईट वाटत नाही का? मीच त्याला आणला. त्याच्या आईसमोर मी जबान दिली होती." जेवलाच नाही. मीही आग्रह केला नाही. पहिल्यांदाच नाही केला.

बरं, माझा नवरा वाईट माणूस नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण आज दिवसभर मला ते स्वतःला समजवावं लागलं.

२९ जानेवारी, सोमवार

आज सकाळी मी मासे साफ करत होते. बावा येऊन बाजूला बसले. मी काही विचारलं नव्हतं. आपणच म्हणाले, "सूनबाई, यूनुस उद्या समुद्रावरून जाणार. इमाम जामिन तू बांधशील ना?"

मी म्हटलं, घराचा रिवाज आहे, बांधावाच लागेल.

तर म्हणतात, "तुझ्या सासूने मला बांधला नव्हता. एकदा."

सासूबाईंना मी फार थोडं पाहिलं. लग्न होऊन आले त्याच वर्षी गेल्या. कुलसुम त्यांचं नाव. कडक बाई, एवढंच आठवतं.

बावांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्यांच्या बोटीवर एक आगवाला भाजला, वाफेने. पुढच्या बंदरावर त्याला उतरवून बोट निघून गेली. त्याचं पुढे काय झालं कोणालाच कळलं नाही. मुंबईला आल्यावर खलाशांनी ठरवलं, की भाजलेल्या, मोडलेल्या माणसाचा इलाज होणार नसेल तर कोणी सही करून बोटीवर चढायचं नाही. युनियन नवी, बिल्ले नवे, हुरूपही नवा. मग कंपनीने सारंग पाठवले गावोगावी. सारंग म्हणजे खलाशांची भरती करणारा. इथे काम बंद आहे तर नवी माणसं उचला!

"आपल्या गावातही आला," बावा म्हणाले. "घरात दोन पोरं, तिसरं पोटात. भात संपलेला. मी बिल्ला खिशात टाकला आणि सारंगाला होकार दिला. मी एकटा नाही, गावातले बरेच जण. मशिदीत बसून आम्ही पुरुष अजून चर्चाच करत होतो, चूक की बरोबर. आणि तिकडे विहिरीवर बायकांनी ठरवूनसुद्धा टाकलं."

"काय ठरवलं?"

"जो या बोटीवर जाईल त्याला इमाम जामिन बांधायचा नाही. कोणत्याच घरात."

आणि बावा खो खो हसायला लागले. "पेटी भरून तयार. उंबऱ्यात बसलो, बाही वर करून. कुलसुम तांदूळ निवडतेय. म्हटलं, बांध. ती तांदूळ निवडतेय. म्हटलं, उशीर होतोय. तांदूळच निवडतेय! एक खडा काढून माझ्यासमोर ठेवला, बस. मग रागाने म्हटलं, मीच बांधतो. सूनबाई, तू करून बघ. एका हाताने स्वतःच्या दंडावर गाठ मारता येत नाही."

गावात त्याशिवाय कोणी पाण्यावर पाय ठेवत नसे. ते सगळे आपापल्या उंबऱ्यात बसून राहिले आणि बोट त्यांच्याशिवाय गेली.

"मग कंपनी वाकली?"

"थोडी. इलाजाचं कबूल झालं. बाकीचं पुढच्यांनी मिळवलं, आम्ही काही राज्य जिंकलं नाही. पण बिल्ला खिशातून छातीवर आला, तो असा. लोक मला म्हणतात, तू लढलास. मी कुठला लढणार! मला बसवला. अल्ला तिला जन्नत देवो, रोज तिचे आभार मानतो."

मी विचारलं, "मग मी काय करू, बावा?"

"ते मी कसं सांगणार? मला कोणी विचारून थोडंच केलं होतं." आणि उठून नमाजला गेले.

मासे तसेच राहिले. मांजराने एक नेलासुद्धा.

३० जानेवारी

नाही बांधला.

यूनुस तयार होऊन समोर येऊन उभा राहिला. बाही वर. मी हिरवं फडकं घडी करून ट्रंकेवर ठेवलं होतं, त्याला दिसेल असं. म्हटलं, "तुम्ही मुश्ताकची जागा भरायला जात असाल तर माझ्या हातून दुआ निघणार नाही."

किती वेळ तसाच उभा. मला वाटलं, बसेल. आता उंबऱ्यात बसेल. मनातल्या मनात सासूबाईंना हाक मारत होते.

बाही खाली केली आणि म्हणाला, "जमाना वेगळा आहे, जैनब. बावांच्या मागे गाव होतं. इथे आपल्या मागे कोण आहे?" आणि निघाला! तसाच! समुद्रावर, मोकळ्या दंडाने!

मी उंबऱ्यापर्यंत धावले. पण खरा धक्का पुढेच. बावांनी आतून हाक मारली, "थांब." ट्रंकेवरचं फडकं उचललं, आत गेले, बाहेर आले आणि माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने त्याच्या दंडावर गाठ बांधली. डोळे मिटून दुआ पढली. "पोहोचलास की सगळ्यांसमोर सोड. वाटेत हात लावू नको. चल, जा."

कालची ती सगळी गोष्ट, तो खडा, ते हसणं, ते आभार! सगळं कशासाठी मग? स्वतःच्या मुलावर आलं तेव्हा बापच झाले ना शेवटी!

मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा दिला, त्यात साखर घातली नाही. त्यांनी मुकाट्याने प्यायला.

३१ जानेवारी

यूनुस नाही. वारा सुटलाय, म्हणून लाँच उम्म अल कुवैनलाच थांबली असेल म्हणतात. मुश्ताकला ताप. पट्टीला वास येतोय. बावा त्याच्या उशाशी बसून आहेत, त्याला पंख्याखाली घेऊन. मी बावांशी अजून बोलत नाही, पण काल रात्री एक गोष्ट खरी कळली, की मी अल्लाकडे दोन गोष्टी मागत होते आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. यूनुस सुखरूप यावा. आणि लाँच येऊ नये.

वाळूवर अजून सगळे आहेत. एकही उठला नाही. शेजारची मरियमबी न सांगता डेगभर भात करून घेऊन आली. ओळखपाळख फक्त पाणी भरतानाची! म्हणाली, "तुम्ही एकट्या किती कराल?" मी तिला धरून उभी राहिले.

१ फेब्रुवारी, गुरुवार

लाँच आली. मी शहनाझला घेऊन खाडीवर धावले.

लाँच रिकामी! यूनुस एकटा. बाकी कोणी नाही!

आमच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि घरी न येता सरळ चालत गेला. शेडसमोरून गेला. शेडमध्ये थांबला नाही. वाळूवर अन्वरच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. अन्वरने सरकून जागा केली. शहनाझ म्हणाली, "मम्मी, व्हाय इज पप्पा सिटिंग देअर?" मला काय माहीत गं! मी आपली वाळूतच बसकण मारली आणि रडले.

साहेब दुपारपर्यंत दुसऱ्या गँगची वाट बघत होता. आली नाही म्हटल्यावर शेडमध्ये येरझारा. ठोकळे तसेच पडलेले, ते वाहून नेणारी बार्ज तशीच उभी. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, त्याची जीप आली. चिठ्ठी मिळाली! मुश्ताकला इस्पितळात नेलं. दोन बोटं जातील, हात राहील, इन्शाल्ला, असं डॉक्टर म्हणाला. पुढच्या कामाचं साहेबाने अजून कबूल केलेलं नाही. अन्वर म्हणतो, मग आम्हीही अजून उठलेलो नाही.

यूनुसचा डबा आज पहिल्यांदाच वाळूवर पाठवला. भाकऱ्या जास्त घातल्या.

घरी आले तर बावा सुपारी कातरत बसलेले. लाँच रिकामी आली म्हटलं, तर "बरं," म्हणाले. बस, "बरं."

२ फेब्रुवारी, शुक्रवार

यूनुस घरी आला. माझा हात धरून उघडला आणि त्यात बावांचा बिल्ला ठेवला.

उम्म अल कुवैनला उतरल्यावर सगळी गँग भोवती जमली. रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्यांसमोर गाठ सोडली, नाणं कोणाला द्यावं म्हणून बघायला लागला, तर फडक्यात नाणं नाही, हा! त्यांच्यात एक म्हातारा भंडारी आहे, म्हणजे जुन्या बोटींवरचा स्वयंपाकी. त्याने तो उचलला, डोळ्यांना लावला. "कोणाचा?" "माझ्या बापाचा." "मग तू इथे कशाला आलास, बेटा?" यूनुसने मग मुश्ताकचा हात, वाळूवरची गँग, सगळं सांगून टाकलं. लाँचवर कोणी पाय ठेवला नाही.

मी बावांसाठी चहा केला. साखर दोन चमचे जास्त. म्हटलं, "बावा, मग ती दुआ?"

"दुआ खरी होती," म्हणाले. "पोरगा पाण्यावरून जात होता."